मळीचे मोल

गेल्या उन्हाळ्यात मंडळाची सहल रेडकारच्या किनाऱ्यावर गेली होती. बटाटेवडे संपले, चहाचे थर्मास रिकामे झाले, आणि नेहमीप्रमाणे मंडळी पाय मोकळे करायला साउथ गेअरकडे वळली. ज्यांनी हे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : टीज नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिणेकडून पाण्यात दूरवर शिरलेला हा बांध आहे. टोकाला दीपगृह, एका बाजूला गळ टाकून बसलेले लोक, आणि टोपी उडवून नेणारा वारा. चालता चालता आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीने पायाखालचा एक करडा, सच्छिद्र तुकडा उचलला आणि विचारले, "काका, हा कसला दगड? हा तर वितळल्यासारखा दिसतोय."

प्रश्न अगदी अचूक होता. तो दगड नव्हताच. लोखंडाच्या भट्टीतून निघालेली ती मळी होती, आणि खरोखरच एके काळी ती वितळलेली होती. आम्ही ज्याच्यावर उभे होतो तो बांध १८६१ ते १८८८ या काळात अशा सुमारे पन्नास लाख टन मळीचा बांधला गेला. तिला एवढे सांगून मी वेळ मारून नेली. पण मळीची हकीकत एवढ्यावर संपत नाही. तिच्यात एक पोलीस कोर्टातला कारकून आहे, मेंढ्या तोलणारे प्राध्यापक आहेत, सिमेंटवाल्यांचे भांडण आहे, आणि आपल्या कोकणातला एक रस्ताही आहे. म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत जिला स्लॅग म्हणतात तिला मराठी पुस्तकांत 'धातुमळी' असा शब्द आहे. मला नुसता 'मळी' हाच शब्द आवडतो, कारण तो कोल्हापूरच्या गुऱ्हाळावरही ऐकू येतो. काहिलीत उसाचा रस उकळू लागला की गुळव्या त्यात भेंडीचे पाणी आणि थोडी चुन्याची निवळी घालतो. रसातली घाण एकत्र होऊन फेसासारखी वर येते, आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. तीच मळी. लोखंडाच्या झोतभट्टीत नेमके हेच चालते, फक्त उष्णता दीड हजार अंशांच्या घरात. खनिजात लोखंडाबरोबर वाळू आणि माती असते; कोकमध्ये राख असते. हे सारे वेगळे काढण्यासाठी भट्टीत चुनखडी घालतात. चुना वाळूमातीला धरतो, त्यांचा मिळून एक वितळलेला काचेसारखा रस होतो, आणि लोखंडाच्या निम्म्याहूनही हलका असल्याने तो वर तरंगतो. खालच्या तोंडातून लोखंड काढायचे, वरच्या तोंडातून मळी.

लोखंड गाळणे जितके जुने तितकीच मळीही जुनी. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तेव्हा तिच्यासोबत मळीही सापडली. जुन्या छोट्या भट्ट्यांना पुरेशी उष्णता साधत नसे, त्यामुळे बरेचसे लोखंड मळीतच राहून जाई. इंग्लंडमधल्या फॉरेस्ट ऑफ डीन भागात रोमन काळापासूनचे असे ढीग पडून होते. सतराव्या शतकात मोठ्या झोतभट्ट्या आल्या तेव्हा तिथल्या लोकांनी हे ढीगच खणून पुन्हा भट्टीत घातले आणि त्यातून लोखंड काढले. मळीपासून पैसा मिळाल्याचे हे बहुधा सर्वात सरळ उदाहरण. पण भट्टी सुधारली, मळीत लोखंड उरेनासे झाले, आणि तो मार्ग बंद झाला. आता जे उरले ते खरोखरच टाकाऊ होते.

आपल्या टीजकाठावर हा प्रश्न एकदम अंगावर आला. १८५० साली जॉन व्हॉन आणि जॉन मार्ले यांना एस्टनच्या टेकड्यांत लोहखनिजाचा जाड थर सापडला, आणि काही वर्षांतच मिडल्सबरो हे लोखंडाचे गाव झाले. क्लीव्हलंडचे हे खनिज मुबलक, पण निकृष्ट : त्यात लोखंड जेमतेम तीस टक्के. म्हणजे एक टन लोखंडामागे टनभराहून अधिक मळी. ती रोज निघणार, रात्रीही निघणार, आणि ती हलवली नाही तर भट्टी बंद पडणार. तिच्यासाठी जमीन घ्यायची, रूळ टाकायचे, गाड्या ठेवायच्या. कारखानदारांच्या वहीत मळी ही कायम खर्चाच्या बाजूला.

साउथ गेअर हा या अडचणीवरचा एक तोडगा होता. नदीच्या आयुक्तांना नदीचे मुख बांधून काढायचे होते, लोखंडवाल्यांना मळी घालवायची होती. दोघांचेही काम झाले. दुसरा तोडगा आपल्यापैकी अनेकांच्या घरामागे आजही आहे. टीजकाठच्या जुन्या वस्त्यांत मागच्या गल्लीत निळसर करड्या, गुळगुळीत विटांची फरसबंदी दिसते. त्या स्कोरिया विटा. डार्लिंग्टनच्या जोसेफ वुडवर्ड यांनी १८७० च्या दशकात वितळलेली मळी साच्यांत ओतून, सावकाश निववून विटा करण्याची रीत काढली, आणि त्यासाठी टीज स्कोरिए ब्रिक कंपनी १८७२ साली निघाली. घोड्यांच्या नालांनी न झिजणारी आणि पाणी न पिणारी ही वीट पुढे परदेशीही गेली. तरीही सगळा हिशेब मांडला तर विटांत मुरली ती मळीच्या समुद्रातली एक ओंजळ.

मळीची लोकर हाही एक प्रयोग झाला. वितळलेल्या धारेवर वाफेचा झोत सोडला की तिचे बारीक तंतू होतात. हे वेल्समध्ये एडवर्ड पॅरी यांनी १८४० साली केले होते. पण ते तंतू कोंडून ठेवण्याची काहीच व्यवस्था केली नव्हती. वाऱ्याबरोबर ते कारखानाभर उडत, कामगारांना इजा करीत, आणि शेवटी तो उद्योग सोडून द्यावा लागला. पुढे १८७१ साली जर्मनीत ओस्नाब्रुकजवळ गेओर्ग्समारियेनह्युट्टे येथे तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. घराच्या माळ्यावर थंडी अडवण्यासाठी आपण जी खनिज लोकर पसरतो तिचे हे पूर्वज. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी धूळ आवरण्याचा विचार आधी केला गेला.

इथवर मळीचा उपयोग म्हणजे तिचे वजन, आकार किंवा कठीणपणा यांचा उपयोग. तिच्यात काय आहे हा प्रश्न कोणी फारसा विचारला नव्हता. तो विचारला गेला तेव्हा मळीचे खरे मोल समजले, आणि ते दोन ठिकाणी समजले : एकदा सिमेंटमध्ये, एकदा शेतात.

सिमेंटची गोष्ट आधी. १८६२ साली जर्मनीतील ट्रॉयस्डॉर्फ येथे एमिल लांगेन यांच्या लक्षात आले की वितळलेली मळी पाण्यात टाकून झटकन थंड केली तर तिची वाळूसारखी भरड होते, आणि ही भरड चुन्यात मिसळली तर ते मिश्रण पाण्यातही दगडासारखे घट्ट होते. तीच मळी ढिगावर सावकाश निवू दिली तर हा गुण दिसत नाही. कारण असे : सावकाश निवताना मळीतल्या अणूंना स्फटिकांत नीट बसायला वेळ मिळतो आणि ते स्वस्थ होतात. एकदम थंड केल्यास ते काचेच्या अवस्थेत अडकतात, आणि चुन्याची सोबत मिळताच पाण्याशी संयोग पावतात. मळीतले द्रव्य सिमेंटच्या द्रव्याचे जवळचे नातलग आहे : चुना, सिलिका, ॲल्युमिना. १८८२ साली गोडहार्ड प्रुसिंग यांनी अशी भरड दळून पोर्टलंड सिमेंटमध्येच मिसळली.

यावरून जर्मनीत मोठे भांडण झाले. पोर्टलंड सिमेंटवाल्यांच्या संघटनेला हे मिश्रण म्हणजे उघड भेसळ वाटली. दुधात पाणी घालण्यासारखेच ते, आणि तेही भट्टीतल्या घाणीचे! त्यांचा रोष अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही, कारण मळी दर भट्टीला बदलते आणि वाईट मळीने बांधकाम वाईट होते. हे भांडण वक्तृत्वाने मिटले नाही. वर्षानुवर्षे नमुने घालून, ते तोडून, आकडे मांडून मिटले. १९०९ साली मळी कमी असलेल्या सिमेंटला आणि १९१७ साली मळीचे प्रमाण खूप अधिक असलेल्या सिमेंटला जर्मनीत अधिकृत मानक मिळाले. भेसळ आणि मिश्रण यांत फरक कशाचा, तर मोजलेल्या आणि जाहीर केलेल्या प्रमाणाचा. पुढे असे लक्षात आले की समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मळीचे सिमेंट नुसत्या पोर्टलंडपेक्षा चांगले टिकते. १९८६ साली पुरे झालेल्या हॉलंडच्या ओस्टरस्केल्डे बंधाऱ्यात तेच वापरलेले आहे. भारतातही या सिमेंटचे मानक १९५३ सालापासून आहे.

आता शेताची गोष्ट. हिचा नायक सिडनी गिलख्रिस्ट थॉमस. जन्म १८५० चा. वडील अकाली गेल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडून तो लंडनच्या पोलीस कोर्टात कारकून झाला. दिवसभर पूर्व लंडनमधल्या दारूबाजांचे आणि भांडणांचे खटले, संध्याकाळी बर्कबेक संस्थेत रसायनशास्त्राचे वर्ग. तिथे १८७० साली चॅलोनर नावाच्या शिक्षकांनी वर्गात सांगितले की बेसेमरच्या भट्टीतून जो कोणी फॉस्फरस काढून दाखवील त्याचे भाग्य उजळेल. विद्यार्थी अशी वाक्ये वहीत लिहितात आणि विसरतात. थॉमस विसरला नाही.

प्रश्न काय होता? १८५६ साली जाहीर झालेल्या बेसेमरच्या रीतीने लोखंडाचे पोलाद स्वस्तात होऊ लागले होते, पण खनिजात फॉस्फरस असेल तर पोलाद ठिसूळ होई. क्लीव्हलंडचे खनिज फॉस्फरसने भरलेले. १८७० च्या दशकात रेल्वे लोखंडी रूळ सोडून पोलादी रूळ मागू लागली, आणि खनिजाच्या डोंगरावर बसलेल्या मिडल्सबरोला स्पेनहून खनिज आणावे लागले. थॉमसचा तर्क असा : फॉस्फरस हवेने जळतो खरा, पण त्याचे आम्ल होते आणि त्याला धरून ठेवायला भट्टीत कोणी नसते. भट्टीचे अस्तर वाळूच्या विटांचे, म्हणजे तेही आम्लधर्मी. त्यामुळे फॉस्फरस पुन्हा लोखंडात परततो. अस्तरच चुन्याच्या जातीचे केले आणि वरून चुना घातला, तर तो मळीत अडकेल. पुन्हा गुळव्याचीच युक्ती! थॉमसचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समध्ये ब्लेनॅव्हनच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. सुटीच्या दिवसांत आणि पत्रांतून दोघांनी प्रयोग केले. १८७८ च्या मार्चमध्ये लोह व पोलाद संस्थेच्या सभेत थॉमसने उभे राहून सांगितले की फॉस्फरस जवळपास पूर्णपणे काढता येतो. जमलेल्या बड्या मंडळींनी त्या कोवळ्या पोराकडे लक्षही दिले नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या बैठकीत त्याचा निबंध वाचायला वेळ उरला नाही. पण बोल्को-व्हॉन कंपनीचे व्यवस्थापक विंडसर रिचर्ड्स यांना त्यात तथ्य वाटले, आणि ४ एप्रिल १८७९ रोजी मिडल्सबरोमध्ये तो प्रयोग सर्वांसमक्ष यशस्वी झाला. त्यानंतर रीत शिकायला येणाऱ्यांची रीघ लागली. २२ सप्टेंबर १८७९ रोजी जर्मनीतील दोन कारखान्यांत ती सुरूही झाली. लोरेनचे फॉस्फरसयुक्त खनिज जर्मनीच्या हाती १८७१ मध्येच आले होते. १८९३ मध्ये जर्मनीने पोलादात ब्रिटनला मागे टाकले, त्यात या कारकुनाच्या चुन्याचा वाटा मोठा होता.

आणि मळी? आता प्रत्येक भट्टीतून फॉस्फरस धरून बसलेली नवी मळी निघू लागली, आणि तिचेही ढीग होऊ लागले. शेतीला फॉस्फरस हवा हे लीबिगने १८४० पासून सांगितले होते, आणि लॉझने १८४२ साली आम्लाने तयार केलेल्या सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले होते. ही मळी शेतीच्या कामी येईल अशी खूणगाठ थॉमसने स्वतः बांधलेली होती. इतरांनी आधी आम्ल वगैरे वापरून तिच्यातला फॉस्फरस वेगळा काढण्याचा खटाटोप केला. १८८० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये प्रयोगांती उमगले की काहीही करायला नको : मळी पिठासारखी बारीक दळा आणि शेतात टाका. जमिनीतली सौम्य आम्लेच बाकीचे काम करतात. जर्मन शेतकरी तिला 'थॉमसपीठ' म्हणू लागले.

इंग्लंडमध्ये तिची कसोटी आपल्या जवळच, नॉर्थम्बरलंडमधल्या कॉकल पार्क या प्रायोगिक शेतावर झाली. विल्यम सॉमरव्हिल यांनी १८९७ च्या सुमारास तिथल्या चिकणमातीच्या भिकार कुरणाचे तुकडे पाडले, त्यांत वेगवेगळी खते टाकली, आणि प्रत्येक तुकड्यात मेंढ्या चरायला सोडल्या. गवत किती उंच वाढले हे त्यांनी विचारले नाही, मेंढ्या तोलल्या. मळी टाकलेल्या तुकड्यांत रानटी पांढरे क्लोव्हर पसरले. क्लोव्हर आपल्या हरभऱ्याच्या कुळातले, मुळांवर गाठी धरून हवेतला नायट्रोजन जमिनीत आणणारे. म्हणजे फॉस्फरस कारखान्याने दिला आणि नायट्रोजन त्याच्या पाठोपाठ फुकट आला. मेंढ्यांचे वजन वाढले, हिशेब छापला गेला, आणि उत्तर इंग्लंडची कुरणे मळीने हिरवी झाली.

थॉमसने हे पाहिले नाही. फुप्फुसाच्या विकाराने तो १८८५ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये वारला, वय अवघे चौतीस. आई-बहिणीची तरतूद करून उरलेला पैसा त्याने लोकोपयोगी कामासाठी ठेवला. त्याच्या नावाच्या पिठाला एक काळी बाजूही आहे, ती लपवू नये. मळी दळणाऱ्या गिरण्यांत काम करणाऱ्या कामगारांना तीव्र न्यूमोनिया होई. जर्मनीच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत 'थॉमसपिठामुळे होणारे फुप्फुसाचे विकार' अशी नोंदच आहे. पॅरीच्या लोकरीने जो धडा दिला होता तो पुन्हा शिकावा लागला.

मग हे पीठ आज दुकानात का मिळत नाही? ते वाईट ठरले म्हणून नव्हे. १९५२ साली ऑस्ट्रियात लिंझ येथे शुद्ध प्राणवायूने पोलाद करण्याची रीत सुरू झाली, फॉस्फरस नसलेले खनिज जहाजांनी स्वस्तात येऊ लागले, आणि पुढच्या पाव शतकात थॉमसच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. भट्टी विझली तशी मळी संपली. शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. मी ज्या धंद्यात आहे त्यातही हे नेहमी घडते : दुसऱ्याच्या आज्ञावलीच्या सोयीवर आपण आपली इमारत उभारतो, आणि मूळ मालक एक दिवस आपली रीत बदलतो. मळीचा नफा कितीही मोठा झाला तरी भट्टी मळीसाठी पेटत नाही.

हे आज आठवण्याचे कारण सिमेंट. पोर्टलंड सिमेंटचा क्लिंकर भाजताना टनामागे पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याऐवजी दळलेली मळी घातली तर तो फारच थोडा जातो, आणि म्हणून एके काळी भेसळ ठरलेल्या या पदार्थाला आता सगळीकडून मागणी आहे. पण त्याच कार्बनच्या चिंतेने झोतभट्ट्याही बंद होत आहेत. रेडकारची भट्टी २०१५ मध्ये विझली आणि २०२२ मध्ये जमीनदोस्त झाली. पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. तिथे येणाऱ्या विजेच्या भट्टीची मळी वेगळ्या जातीची असते, सिमेंटमध्ये ती सहजासहजी चालत नाही. थॉमसपिठाचा इतिहास सिमेंटवाल्यांनी वाचून ठेवावा असा आहे.

पोलादाच्या मळीची एक खोड अशी की तिच्यात मोकळा चुना राहिलेला असतो. पाणी लागले की तो फुगतो आणि रस्ता उखडतो. म्हणून तिला आधी मुरवावे लागते. मुरवली, चाळली, तपासली की ती खडीपेक्षाही कठीण ठरते. आपल्या रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. तिथली मळी अशी तयार करून, दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली, मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल-इंदापूर टप्प्यातला एक तुकडा बांधला गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. हा महामार्ग आणि त्याचे खड्डे यांविषयी कोकणातल्या वाचकांना मी काही सांगायला नको! या तुकड्याविषयी आजच निकाल देणे घाईचे होईल. सॉमरव्हिल यांनी मेंढ्या तोलल्या तसे इथे पावसाळे मोजावे लागतील. दहा पावसाळ्यांनंतर तो सपाट राहिला तर डोंगर फोडून खडी काढण्याला एक उत्तर मिळेल.

आमच्या त्या छोट्या मैत्रिणीने साउथ गेअरवरचा तुकडा घरी नेला आहे असे तिच्या आईकडून कळले. नाताळात ती मंडळी आजीकडे महाडला जाणार आहेत. तिला मी सांगून ठेवले आहे की पनवेल सोडल्यावर झोपू नकोस, खिडकीतून रस्त्याकडे नीट बघ.